फक्त यादी द्या, गाणं नंतर बघू

मुंबईत मैफली भरवणाऱ्या सगळ्या म्युझिक सर्कलच्या कार्यकारिणीतल्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बरेच जण मला चेहऱ्याने ओळखत असाल. कार्यक्रम कुठलाही असो, मध्यंतरात चहाच्या टेबलापाशी तुमच्यातल्या कोणालातरी गाठून "जुनी रेकॉर्डिंग आहेत का हो आपल्याकडे" असं विचारणारा माणूस मीच. गेली २२ वर्षं विचारतोय आणि उत्तर जवळपास एकच मिळतं, आहेत हो, भरपूर आहेत, कपाटात आहेत, एकदा बसून बघायला पाहिजे. हे पत्र त्या कपाटाबद्दल आणि त्यातल्या टेपच्या यादीबद्दल आहे.

दोन वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका सर्कलचं (नाव लिहीत नाही) ऑफिस ज्या बिल्डिंगमध्ये होतं ती रीडेव्हलपमेंटला गेली. जागा खाली करायला आठवडा मिळाला होता. खुर्च्या, तानपुरे, सतरंज्या, दिवंगतांच्या तसबिरी सगळं नीट हलवलं गेलं, आणि दोन लोखंडी कपाटं भंगारवाल्याने नेली. आतल्या कॅसेट आणि स्पूलसकट नेली. मला हे तीन आठवड्यांनी कळलं, मी त्या भंगारवाल्यापर्यंत जाऊन आलो, त्याने कपाटं पुढे विकली होती आणि टेप कचऱ्यात टाकली होती कारण तिला भावच येत नाही. कमिटीतली माणसं वाईट नव्हती, गाण्यावर जीव असलेली होती, पण कपाटात काय आहे हे लिहिलेला एक कागदसुद्धा कोणाकडे नव्हता त्यामुळे नेमकं काय गेलं हे आजही कोणाला सांगता येत नाही. मला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो. वस्तू हरवली तर माणूस निदान तिच्या नावाने हळहळतो, इथे नावच नाही.

मी मुलुंडला राहतो, नोकरी फोर्टात. सी-९० कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची असते आणि फास्ट लोकलने मुलुंड ते सीएसएमटी साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे जाताना एक रेकॉर्डिंग आणि येताना त्याच रागाचं दुसरं अशी माझी सवय आहे. लोक विचारतात की एकच राग, एकच गायक, एकच बंदिश, मग चार-चार कॉप्या कशाला जमवतोस? तर त्या कॉप्या नसतात हो. ख्याल कागदावर लिहून ठेवलेला नसतो, भातखंड्यांनी स्वरलिपी दिली ती बंदिशीची दिली, तिच्याभोवती जे घडतं ते त्या त्या संध्याकाळी घडतं आणि विरून जातं. अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारी या रागांची एलपी (मोठी तबकडी) आपण सगळ्यांनी ऐकलीय, 'जग बावरा' ही मारव्याची बंदिश त्यात कशी रेखीव बसलीय, पण एलपीची एक बाजू फार तर वीस-पंचवीस मिनिटं, खाँसाहेबांना आधीच माहीत आहे की इथे संपवायचंय. मैफलीतला मारवा ऐकलात तर तो माणूस षड्जापासून, म्हणजे सा पासून, लांब राहून किती वेळ थांबू शकतो हे कळतं. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय कुठला भाग रागाचा, कुठला गायकाचा आणि कुठला केवळ घड्याळाचा हे समजायचं कसं?

७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांचं तर विचारूच नका. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. आग्रा घराण्याच्या फैयाज खाँसाहेबांची नोमतोम (तालाशिवायची आलापी), जिच्यासाठी मैफलीत लोक तासभर बसत, ती तेवढ्यात कोंबायची. ते गाणं मोठंच आहे, ललत रागातलं 'तडपत हूँ जैसे जल बिन मीन' मी शेकडो वेळा ऐकलंय, पण फक्त तबकडीवरून आग्रा गायकी सांगणं म्हणजे खिडकीच्या एका फटीतून घर सांगणं.

आणि ज्यांची तबकडीच नाही त्यांचं काय? जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली याच मुंबईत गेले, त्यांचा आवाज आपल्याकडे नाही. गायक भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांचाही नाही. अल्लादिया खाँसाहेबांचं गाणं कसं असेल याचा अंदाज घ्यायचा तर त्यांचे शिष्य केसरबाई, मोगूबाई, निवृत्तीबुवा सरनाईक आणि त्यांचे मुलगे मंजी खाँ-भुर्जी खाँ यांच्याकडून मल्लिकार्जुन मन्सूरांपर्यंत आलेलं गाणं, हे सगळं एकाच रागात शेजारी शेजारी ठेवून ऐकणं एवढाच मार्ग उरतो. संपूर्ण मालकंस हा राग घ्या. साध्या मालकंसात रिषभ-पंचम (रे आणि प) नसतात, इथे येतात, पण कोण कुठून आणतं, किती वेळ टेकतं, सरळ आणतं की वळणाने, हे जिथे चौघांचं जुळतं तिथे माझ्या मते गुरूचा हात आहे आणि जिथे फाटे फुटतात तिथे ज्याचा त्याचा स्वभाव. ही माझी पद्धत, कोणाला पटेल कोणाला नाही. पण असं ऐकायचं तर मैफलीच लागतात, आणि मैफली तुमच्या कपाटात आहेत. केसरबाईंना तर रेकॉर्डिंगचं किती वावडं होतं हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणजे कोणा जुन्या सेक्रेटरीच्या घरी त्यांची अर्ध्या तासाची टेप निघाली तरी ती केवढी मोठी गोष्ट.

आता मुद्द्यावर येतो. मी रेकॉर्डिंग मागत नाहीये. ती अपलोड करा, आम्हाला वाटा, असंही म्हणत नाहीये. मी यादी मागतोय. तुमच्याकडे काय आहे त्याची यादी, कॅसेटवर जे लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवून, सगळ्यांना बघता येईल अशी जाहीर करा.

यादीने काय होतं ते माझ्या अनुभवातून सांगतो. माझ्याकडे एक कॅसेट आहे, वडिलांच्या मित्राने दिलेली. सी-९०, मागच्या दोन्ही टॅब तोडलेल्या (वरून दुसरं भरलं जाऊ नये म्हणून), म्हणजे कोणीतरी काळजीने जपलेली. लेबलवर निळ्या बॉलपेनने "रवि. १४ जाने. सायं. ६॥" आणि त्याखाली "पू. बा. भै." बस (रागांची नावं; बा. म्हणजे बागेश्री, भै. म्हणजे भैरवी). साल नाही, हॉल नाही, कोपऱ्यात गोल करून २ लिहिलेला. गायक ओळखू येतात, त्यांचं नाव इथे लिहीत नाही कारण घरच्यांशी बोलणं चालू आहे. तबला कोणाचा हे हातावरून कळलं. मग पंचांग काढून बसलो. १४ जानेवारी रविवारी आली ती १९७३, १९७९, १९९० आणि १९९६ साली. गायक १९९० च्या आधीच गेलेले, आणि १९७३ मध्ये हे तबलजी शाळकरी मुलगा होते. म्हणजे १९७९. संक्रांतीची संध्याकाळ.

ए बाजू सुरू होते ती बागेश्रीच्या विलंबितात (संथ लयीत), आणि द्रुत (जलद लयीतलं) चांगलं रंगात आलेलं असताना अंतऱ्याच्या, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागाच्या, ऐन तोंडावर टेप संपते. खट्. बी बाजू लावली की एकदम पुढची तानच. मध्ये किती गेलं, अंतरा म्हटला की नाही, काही कळायला मार्ग नाही. जवळजवळ नऊ वर्षं मी ती बागेश्री त्या भोकासकट ऐकली. मग दादरच्या एका काकांकडे त्यांच्या कॅसेट बघत बसलेलो असताना एक बागेश्री लागली, लेबल कोरं, आणि द्रुत सुरू झाल्यावर थोड्याच वेळात मागे कुठेतरी स्टीलचा पेला पडल्याचा आवाज आला. पेला पडतो, घरंगळतो, आणि गायक न थांबता समेवर येतात आणि कोणीतरी "वा" म्हणतं. हा पेला माझ्या ओळखीचा होता! तीच संध्याकाळ, दुसऱ्या श्रोत्याचा टेपरेकॉर्डर. त्यांनी बटण उशिरा दाबलं होतं म्हणून त्यांची टेप दुसऱ्या ठिकाणी उलटली, आणि माझ्याकडे नसलेली ४० सेकंदं त्यांच्याकडे सलग होती. अंतरा होता. पूर्ण होता. वरच्या षड्जावर जाऊन उतरताना त्यांनी पंचमाला असा काही ओझरता स्पर्श केलाय की बागेश्रीत पंचम कसा घ्यावा याचं उत्तर मला त्या ४० सेकंदांत मिळालं, काकांच्या पलंगावर बसून.

हे निव्वळ नशीब होतं. काकांकडे आणि माझ्याकडे यादी असती आणि दोन्ही जाहीर असत्या तर नऊ वर्षांऐवजी एका दुपारचं काम होतं. अशी भोकं प्रत्येकाच्या संग्रहात आहेत, सी-९० मध्ये ४५ मिनिटांनी खट् होणारच, आणि त्यातली कितीतरी एकमेकांच्या टेपने भरून निघणारी आहेत. दोन सर्कलमध्ये, दोन घरांत एकाच मैफलीचे तुकडे पडलेले असतील आणि त्यांना एकमेकांचा पत्ता नाही.

तबकड्यांच्या बाबतीत हे काम बरंच झालंय. कंपन्यांनी नंबर दिले होते, लेबलवर कॅटलॉग नंबर आणि लेबलजवळच्या लाखेवर उमटवलेला मॅट्रिक्स नंबर (त्या मुद्रणाचा क्रमांक), त्यावरून संग्राहकांनी वर्षानुवर्षं खपून सूच्या बनवल्या. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० साली मुंबईतच सुरू झाली, त्या मंडळींनी केलेल्या कामावर माझ्यासारखे आज उभे आहेत. अगदी सुरुवातीला तर चिठ्ठी गाण्यातच असायची. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान गायल्या तेव्हा शेवटी त्या मोठ्याने "माय नेम इज गौहर जान" म्हणतात, कारण तबकडी तयार व्हायची जर्मनीत हॅनोव्हरला आणि तिथल्या माणसाला हा आवाज कोणाचा हे कळायला पाहिजे. सव्वाशे वर्षांपूर्वी एवढी काळजी घेतली गेली. मैफलीच्या टेपला ना नंबर आहे ना कंपनी, तिला फक्त तो बॉलपेनने लिहिलेला कागद आहे, आणि तो कागद तुमच्याकडे आहे.

म्हणून यादी करताना एक विनंती, सुधारून लिहू नका. "पू." असेल तर "पू." लिहा, आपल्या मनाने पूरिया करू नका. लेबलवरचा राग चुकीचा वाटला तर बाजूला वेगळ्या शाईने लिहा, मूळ खोडू नका. तारीख, वार, वेळ, हॉल, साथीला कोण, टेप कोणी केली, कुठल्या मशीनवर, जे मिळेल ते. कॅसेट आणि तिच्या डबीतला इनले कागद एकत्र फोटो काढून ठेवा, मोबाइलने काढा, चालेल. आणि कृपा करून हिशोबाच्या जुन्या वह्या फेकू नका. तुम्हाला वाटेल त्यात गाण्याचं काय आहे, पण बिदागी कोणाला किती, तबलजींचं टॅक्सीभाडं, हॉलचं भाडं, हे तारखेसकट तिथेच लिहिलेलं असतं आणि नाव नसलेल्या टेपला नाव मिळतं ते अशाच ओळीतून.

मशीनची माहिती का लागते तेही सांगतो. माझ्याकडे एका मोठ्या बुवांचा यमन आहे, सुरू होतो काळी एकमध्ये आणि शेवटाला पांढरी दोनला, म्हणजे पेटीवरच्या पुढच्या पट्टीला, पोचतो. ज्यांनी मला तो दिला त्यांची पक्की समजूत होती की बुवा गाता गाता चढले. बुवा कुठेही चढले नव्हते, तानपुरासुद्धा बरोबर तेवढाच चढलाय ना! रेकॉर्डर सेलवर चालवला होता, सेल उतरत गेले, टेप हळू फिरायला लागली, आणि हळू भरलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर वर जातो. साधारण सहा टक्के वेग बदलला की अर्धा सूर फरक पडतो. जुन्या तबकड्यांचंही असंच, सगळ्या काही बरोबर ७८ च्या वेगाने भरलेल्या नव्हत्या, ७२ ने भरलेली ७८ वर लावली तर आवाज एका पट्टीपेक्षाही जास्त चढतो, कोवळा होतो, ताना उगाच चपळ वाटतात आणि मग आपण म्हणतो काय तयारी होती हो जुन्या लोकांची. तयारी होतीच, पण एवढ्या वेगाची नव्हती. ज्या टेपमध्ये मागे विजेची घरघर ऐकू येते ती मला आवडते, कारण आपली वीज ५० हर्ट्झची, ती घरघर ५० किंवा १०० वर आणून बसवली की गायकाची खरी पट्टी मिळते. घरघर म्हणून तोच भाग कोणी साफ करून टाकला तर ही खूणही गेली.

यावरून पुढचं. डिजिटल करायचं ठरवलंत तर (करा, यादीनंतर करा) नॉइज रिडक्शन लावून एकुलती एक कॉपी ठेवू नका. टेपची खरखर सारखी चालू असते आणि तानपुराही सारखा चालू असतो, त्यामुळे सॉफ्टवेअर खरखर काढता काढता तानपुऱ्याची जवारीही (तारांचा झणकार) खाऊन टाकतं आणि मागे राहतो तो आवाज पाण्याखालून आल्यासारखा. आधी जसं आहे तसं भरा, टाळ्या, खोकला, तबला लावणं, निवेदन सगळं ठेवा, निवेदनातच बहुतेक वेळा तारीख सापडते. ९६ किलोहर्ट्झ २४ बिटची वेव्ह फाइल, एमपी३ नाही. तासाला साधारण २ जीबी लागतात, म्हणजे ३०० कॅसेटचे ४५० तास एका टीबीच्या ड्राइव्हमध्ये मावतात. डेकचं हेड प्रत्येक कॅसेटनंतर पुसा. आणि पांढरी बुरशी दिसत असेल, आपल्याकडच्या पावसात ती येतेच, कॅसेटच्या काचेतून टेपच्या कडेला दिसते, तर ती लावूच नका, आधी माहीतगाराला दाखवा, कारण ती बुरशी हेडला लागते आणि पुढच्या दहा कॅसेटना जाते.

तुमच्या मनात कॉपीराइटची भीती आहे हे मला माहीत आहे, ती रास्तही आहे. प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाला आपल्या कायद्यात ६० वर्षं संरक्षण आहे, त्यामुळे जुन्या तबकड्यांचा प्रश्न बराचसा सुटलाय. मैफलीच्या टेपचं तसं नाही, तिथे कलाकाराचा हक्क आहे, घरच्यांच्या भावना आहेत, आणि माझ्या मते घरच्यांना विचारल्याशिवाय एक मिनिटही बाहेर जाऊ नये. पण कोण कधी काय गायलं हे सांगायला कोणाची परवानगी लागते? कार्यक्रमाच्या दिवशी तुम्हीच गेटवर बोर्ड लावला होता ना. जतनाचं म्हणाल तर ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडच्या वस्तूची डिजिटल प्रत जपून ठेवायची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात आलीय, तेव्हा एखाद्या ग्रंथालयाला बरोबर घेता येईल का ते वकिलाला विचारून बघा.

दुसरी भीती तुम्ही उघड बोलत नाही पण मला जाणवते. यादी बाहेर गेली की माणसं मागे लागतील, आणि दुसऱ्या सर्कलपेक्षा आपल्याकडे कमी आहे हे दिसेल. मंडळी, हा हिशोब सोडा. आम्ही संग्राहकांनीही हेच केलं, मीसुद्धा केलं, दुर्मीळ टेप आहे म्हटल्यावर तिचं नावसुद्धा कोणाला सांगायचं नाही, देवाणघेवाणीला हुकमाचं पान म्हणून धरून ठेवायची. आमच्यातले एक गृहस्थ गेले, घरच्यांना काही माहीत नव्हतं, वर्षभरात सगळं रद्दीत. त्यांच्याकडे काय होतं ते त्यांनी आम्हालाही कधी सांगितलं नाही. त्यानंतर मी माझी ६४० कॅसेटची यादी बनवून ज्याने मागितली त्याला दिलीय. चार वर्षं झाली, कोणी त्रास दिला नाही, उलट अकरा जणांनी माझ्या चुका दुरुस्त केल्या.

मनुष्यबळ नाही म्हणाल तर मी येतो. रविवारी मोकळा असतो, डेक माझा, केबल माझ्या, वहीसुद्धा घेऊन येईन. एका रविवारी दोघं बसले तर शंभरेक कॅसेटची लेबलं उतरवून होतात, करून बघितलंय. किल्ली कोणाकडे आहे तेवढं शोधून ठेवा, कारण दोन ठिकाणी काम तिथेच अडलंय.

आणि एक काम लगेच होण्यासारखं आहे. रविवार, १४ जानेवारी १९७९, संध्याकाळी साडेसहा. तुमच्या त्या वर्षीच्या वहीत बघा, बिदागीच्या रकान्यात काही नोंद आहे का. हॉल रेल्वेलाइनजवळचा असणार, भैरवीत दोनदा गाडीचा भोंगा ऐकू येतो. माझ्याकडे आहे ती कॅसेट दोन नंबरची, एक नंबरची कोणाकडे आहे माहीत नाही, काकांकडेही नाही. लेबलवरची ती "पू." पूरिया होती, पूरिया धनाश्री होती का पूर्वी होती, एवढं जरी कोणी सांगितलंत तरी मी त्याच संध्याकाळी तुमच्या ऑफिसात हजर होतो.

आपला,
मुलुंडचा एक श्रोता